पहिल्या हाकेला ओ

“भालू नुसती वरडत न्हाई गं. नाव घेऊन वरडती.”

माझ्या पुढच्या सीटवरच्या बाईंनी हे अगदी सहज सांगितलं. डेअरीत आज दुधाला फॅट लागला नाही, असं सांगावं तसं. शिरूरहून निघालेली आमची एसटी न्हावऱ्याच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांमागं रखडली होती. ट्रॅक्टरवरचं गाणं इतकं मोठं होतं की दोघींना एकमेकींच्या कानाशी वाकावं लागत होतं, आणि तरी मला सगळं ऐकू येत होतं.

“आता कुणाचं घेतलं नाव?” शेजारणीनं विचारलं.

“त्या वरवंडच्या दस्तगीरभाईचं. दिवस मावळला की रोज, त्यांच्याच मागल्या फडात. माझी जाऊ तिथंच वस्तीला हाय, ती सांगत हुती.”

“अगं बाई! आधीच त्यांच्या गळ्याला भोक पाडलंय.”

“मग काय तर. जल्मभर कोल्ह्यांना हाळ्या दिल्या, आता त्यांनाच हाळी आली.”

दस्तगीरभाई म्हणजे माझे मामू, आईचे थोरले भाऊ. त्यांची सख्खी भाची मागच्याच सीटवर बसली आहे आणि त्यांनाच शिरूरला आणायला निघाली आहे, हे त्या बायकांना सांगता आलं असतं. अशा वेळी मी काही सांगत नाही. मी खिडकीबाहेर बघत राहिले. तुटलेल्या उसाच्या रानात बगळे उतरले होते. ज्या रानांत अजून ऊस उभा होता ती बाजूच्या मोकळ्या रानांमुळं उगाच उंच दिसत होती, कुणीतरी मागं विसरून गेल्यासारखी.

आमच्याकडं थंडी आधी नाकाला कळते. कारखाना सुरू झाला की मळीचा आंबूस, गोडसर वास हवेत उतरतो आणि होळीपर्यंत जात नाही. कुठंतरी उसाचं वाळलेलं पाचट पेटवलेलं असतं, त्याची काळी राख तरंगत येऊन वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. झटकली तर रेघ उमटते. फुंकायची असते, हे मला मामींनी शिकवलं. शिरूरला माझ्या ऑफिसच्या खिडकीवर तशी राखेची एक पापडी येऊन बसली, त्याच दिवशी दुपारी मामींचा फोन आला. “उसको ले जा निलू,” त्या आमच्या घरातल्या हिंदीत म्हणाल्या. “इधर रहा तो जाएगा वो.”

जाएगा म्हणजे कुठं, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

*

मामूंकडं मी एकच हंगाम राहिले, दोन वर्षांपूर्वीचा. कॉलेज संपलं होतं, नोकरी नव्हती, आणि मामींचा हात मोडला होता. त्यांची मुलगी लग्न होऊन सोलापूरला. आईनं मला पाठवलं. घर वरवंडच्या पुढं, कालव्याच्या कडेला. मागचं दार उघडलं की बांध, बांधापलीकडं ऊस, आणि उसाच्या वर जेवढं उरेल तेवढं आभाळ.

मी इंग्रजी शाळेत शिकले. घरात आमची हिंदी, बाहेर मराठी, शाळेत इंग्रजी. तीन भाषा असून मी तिन्हींत गप्प असायचे. वर्गात हजेरी घेताना माझं “येस मिस” बाईंपर्यंत पोचायचंच नाही आणि मी वर्गात बसलेली असताना माझी गैरहजेरी लागायची. मामूंना याचा राग यायचा. ते बांधावरून हाक मारायचे, मी ऐकायचे, उठायचे, त्यांच्यापर्यंत चालत जायचे, पण तोंडातून शब्द काढायचे नाही.

“आगं मुके, हाक मारली तर ओ तरी देत जा,” ते म्हणायचे. “माणूस हाय का भूत हाय, कळंना झालंय मला.”

“भूतबी वो देतं,” शेजारच्या कमलकाकू तिकडून ओरडायच्या. “ही त्याच्याबी म्होरची हाय.”

पण हाच नियम दिवस मावळताना उलटा व्हायचा. तिन्हीसांजेला बाहेरून कुणी नाव घेऊन हाक मारली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, असं तिथं सगळे पाळतात. कमलकाकू पाळतात, मामीही पाळतात. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारेल. दुसरं काही असेल तर एकदाच मारतं, आणि ओ दिली की ती ओ घेऊन जातं. दिवसभर ओ दिली नाही म्हणून बोलणी खाणारी मी त्या वेळेला मात्र घरातली सगळ्यांत शहाणी मुलगी ठरायचे.

आणि त्याच वेळेला मामू मागच्या दारानं बाहेर पडायचे. हाळी द्यायला.

*

हाळी म्हणजे एका रानातून दुसऱ्या रानात दिलेली लांब हाक. मामू ती कोल्ह्यांना देत. एक तळवा तोंडासमोर धरायचा, दुसरा कानामागं, आणि गळ्याच्या तळातून आवाज वर सोडायचा. आधी एकच कुई. मग ती फुटून दोन, मग चार, असं वाटावं की बांधावर एकटा माणूस नाही, अख्खी टोळी बसली आहे. पलीकडून उत्तर येईपर्यंत माझ्या अंगावर काटा उभा राहायचा. आल्यावर तर जास्तच.

मी त्यांच्यामागं जरा अंतरावर बसायचे. काही दिवसांनी मला कळलं, की आवाज रोज सारखा नसतो.

“चंद्रावर हाय समदं,” मामू म्हणाले. “अवसेला त्यांना काय दिसत न्हाई, नुसतं ऐकाय येतं. तवा लांब हाळी द्यायची, समद्या टोळीची. चांदणं वाढंल तसा आवाज बारीक करायचा. झाडाच्या सावलीत बसायचं, अर्धीच कुई काढायची आन् मधीच तोडायची. उजेडात लई बोलणाऱ्यावर कुणीच इस्वास ठेवत न्हाई.”

पौर्णिमेनंतरचे दिवस त्यांचे आवडते. चंद्र रोज उशिरा उगवतो, त्यामुळं सूर्य गेल्यापासून चंद्र येईपर्यंत मधे काळोखाची एक फट पडते, आणि ती रोज थोडी रुंदावत जाते. त्या फटीत हाळी द्यायची आणि चंद्र वर यायच्या आत गप्प व्हायचं. संकष्टीला मोठी गंमत व्हायची. इकडं मामू बांधावर काळोख धरून बसलेले, तिकडं कमलकाकू आरतीचं ताट घेऊन अंगणात.

“दस्तगीरभाई, उगवला का वो चंद्र? पोटात कावळे कोकलाय लागले.”

“उगवंल की वहिनी. त्याला कुठं घाई हाय?”

“त्याला न्हाई वो, मला हाय!”

“गप बसा मग जरा. तुमच्या आवाजानं कोल्हं न्हाई यायचं आन् चंद्रबी न्हाई यायचा.”

उपास एकीचा, शिकार एकाची, आणि दोघांचं लक्ष आभाळाच्या एकाच कोपऱ्यात. शिकार म्हटलं, पण ती कधीच बंद झाली होती. मामू तरुण असताना भीमेच्या पात्रात उन्हाळ्यात कलिंगडाच्या वाड्या असत. कोल्हे नेमकं पिकलेलं फळ फोडत. मग मामूंनी हाळी द्यायची, कोल्हे जवळ आले की वाळूत दडून बसलेल्या माणसांनी कुत्री सोडायची. पुढं पात्रात बारमाही पाणी राहायला लागलं, वाड्या गेल्या. हाळी तेवढी मामूंच्या गळ्यात उरली. आता ती ते नुसतीच देत. कोल्हे उसाच्या कडेला येऊन थांबत, दोन-चार डोळे चमकत, मामू बघत, कोल्हे बघत, आणि सगळे आपापल्या घरी जात.

पौर्णिमेला मात्र ते मागचं दार लावून आत बसले.

“आज नाही?” मी विचारलं. माझ्या मानानं तो मोठाच प्रश्न होता.

“पुनवेला गप बसायचं,” ते म्हणाले. “उजेडात त्यांना माणूस दिसतो. येत न्हाईत.”

*

त्याच पौर्णिमेच्या आसपास एका सकाळी कमलकाकू आल्या आणि मामींना हलक्या आवाजात म्हणाल्या, “काल भालू वरडली.” मामींनी पदर तोंडाला लावला.

आमच्या हिंदीत भालू म्हणजे अस्वल. शाळेतल्या चित्रांच्या पुस्तकातही भालू म्हणजे अस्वलच. त्या दिवसापासून मी संध्याकाळी मोरीपर्यंतही एकटी जाईना. मोबाइलवर शोधून पाहिलं, पुणे जिल्ह्यात उसात बिबटे सापडतात, अस्वलाबद्दल काही नव्हतं. म्हणजे हे पहिलंच असणार, असं मी धरून चालले. शेवटी मामूंनी विचारलं तेव्हा मी हळूच म्हणाले, “अस्वल असलं तर?”

“अस्वल?” मामू बघतच राहिले. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. “आगं, वरवंडात अस्वल? दौंडच्या गाडीनं आलं का काय तिकीट काढून?”

ते हसले. भिंतीला हात लावून, वाकून हसले. भालू म्हणजे एकटी पडलेली कोल्हीण, तिचा आवाज फाटका असतो, ती ज्याच्या घरामागं ओरडते त्या घरातलं माणूस जातं असं लोक म्हणतात, हे त्यांनी हसता हसताच सांगितलं. मग त्यांना ठसका लागला. तो थांबेना. मामींनी पाणी दिलं, पाठ चोळली. ठसका थांबला तेव्हा मामूंचा आवाज बसलेला होता, आणि तो पुन्हा उठला नाही.

मामूंचं मोकळं हसू मी ऐकलं ते तेवढंच शेवटचं. मला अजूनही भालू शब्द ऐकला की आधी अस्वल दिसतं, मग ते हसू ऐकू येतं, आणि मग कोल्हीण.

दौंडच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. पुण्याच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल, असं सांगितलं. स्वरयंत्र हा शब्द मामूंनी पहिल्यांदाच ऐकला. “यंत्र हाय व्हय आत?” ते म्हणाले. “मला वाटलं, मीच हाय.”

ऑपरेशनला जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही बांधावर बसलो होतो. हाळी द्यायला डॉक्टरांची बंदी होती. मामू खरखरीत, वाऱ्यासारख्या आवाजात म्हणाले, “तू कुणाला सांगायची न्हाईस, म्हणून सांगतो.”

आज हे इथं लिहिते आहे ते त्यांना विचारूनच. त्यांनी होकाराची मान हलवली.

“पुनवेला येत न्हाईत म्हणलो, ते खोटं हाय. एका चैत्रात कलिंगडाच्या वाडीवर समदे म्हणले, आज राहू दे, लख्ख उजेड हाय, एकबी यायचं न्हाई. मला चेव आला. मी पिल्लाचा आवाज काढला. कुठंतरी अडकल्यालं, आईला बोलवणारं पिल्लू. ती समोरनं आली. सरळ. एरवी वाऱ्याला वळसा घालून येत्यात, थांबत्यात, वास घेत्यात. हिनं काय केलं न्हाई. वाळूत चांदणं पडल्यालं. तिला मी दिसत हुतो, निलू. माणूस हाय हे तिला कळत हुतं. कुत्री दिसत हुती. तरी आली.”

कारखान्याचा भोंगा झाला. तो पूर्ण संपेपर्यंत मामू थांबले.

“पहिल्याच हाकेला आली,” ते म्हणाले.

त्यानंतर ते काही बोलले असतील, चहा दे, पिशवी घे, असं. पण आवाज होता तोवर त्यांनी मला सांगितलेलं, लक्षात राहिलेलं शेवटचं हेच.

*

वरवंडला उतरून मी चालत वस्तीवर आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आजूबाजूची रानं मोकळी झाली होती. फक्त मामूंच्या घरामागचा फड उभा होता. ऊसतोडीची टोळी परवा येणार होती. सगळीकडचा ऊस तुटला की कोल्ह्यांना शेवटच्या फडातच जागा उरते, त्यातलं एखादं एकटं पडतं आणि सोबत्यांना हाका मारतं. मी हे वाचलेलं आहे. मामींना फोनवर सांगितलंही होतं. त्या म्हणाल्या होत्या, “सोबती म्हणून दस्तगीरच सापडला का तिला?”

मामू ओट्यावर होते. गळ्याशी पांढरा रुमाल, त्याच्यामागं ते छिद्र, ज्यातून आता श्वास येतो-जातो. खूप वाळले होते. मला बघून त्यांनी एक टाळी वाजवली. आता तीच त्यांची हाक आहे. मग ओठ हलवले, “मुकी आली.”

मला त्यांच्या ओठांवरचं वाचता येतं. मी लहानपणापासून बोलण्यापेक्षा बोलणाऱ्यांची तोंडं बघण्यातच वेळ घालवला, त्याचा हा एवढा उपयोग झाला. मामींना सगळं कळत नाही, मग त्या चिडतात, मग मामू ओठ मिटून घेतात.

“बघ त्यांच्याकडं,” मामी म्हणाल्या. “दिवस मावळला की त्या बांधावर. जेवत न्हाईत. उठवलं तर उठत न्हाईत. लोकं आता आपल्या दारावरनं जायचं टाळत्यात.”

कमलकाकू कोथिंबिरीची जुडी घेऊन आल्या होत्या, त्याही दारातच उभ्या राहून बोलल्या. “न्या बाई यांना. शिरूरला दिवं हैत, गाड्यांचा कालवा हाय. तिथं कशाला येतीय ती?” मग मामूंकडं बघून, डोळे पुसत, “दस्तगीरभाई, माझा चंद्र कोण बघणार वो मग?”

मामू हसले. हसण्याची हवा रुमालाखालून गेली.

मी त्यांच्यासमोर बसले. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग ओठ हलवले, सावकाश, मला नीट दिसावं म्हणून.

“येतो शिरूरला. पण ती हाक मारतीया. ओ दिल्याशिवाय कसा येऊ?”

“मामू, तो कोल्हा आहे,” मी म्हणाले. “एकटा पडलेला कोणताही कोल्हा.”

त्यांनी मान हलवली. त्यांनाही ते माहीत होतं. कोल्ह्यांबद्दल त्यांना काय माहीत नव्हतं? मग त्यांनी पुन्हा ओठ हलवले. “ती आली हुती.”

आत मामींनी माझ्यासाठी अंथरूण काढलं, मामूंचे दोन सदरे घडी करून पिशवीत घातले, पुन्हा काढले, पुन्हा घातले. मामूंना उद्या गाडीत बसवता आलं असतं. चुलत भाऊ आले असते, उचलूनही बसवलं असतं. पण शिरूरच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरही ते रोज दिवस मावळला की खिडकीशी बसतील, आणि तिथं कुणी हाक मारणार नाही, हे मला दिसत होतं. दिली नाही ती ओ माणसाच्या आत कुठं साठून राहत असेल?

*

आज पौर्णिमा आहे हे मी बसमध्येच हिशेबात घेतलं होतं. पुनवेला सूर्य आणि चंद्र एकमेकांना समोरासमोर दिसतात, मधे काळोखाची फट राहत नाही. सूर्य कालव्याच्या झाडांमागं गेला आणि इकडं फडाच्या शेंड्यांवर चंद्र आला, मोठा, पाचटाच्या धुरामुळं तांबूस. मागचं दार उघडं होतं. मामू उठून बांधावर जाऊन बसले. मी त्यांच्यामागं जरा अंतरावर बसले, दोन वर्षांपूर्वी बसायचे तशीच.

उसाची पानं एकमेकांवर घासत होती. कुठंतरी ऊसतोड टोळीच्या कोप्यांवर, त्या पाचटाच्या खोपटांवर, चुली पेटल्या होत्या, एक लहान मूल रडत होतं आणि त्याची आई त्याला काहीतरी गुणगुणत होती. मग ते मूलही थांबलं.

आवाज फडाच्या अलीकडच्या कडेनंच आला. एकच कुई. वर चढताना मधेच फाटलेली, आणि मग खाली उतरत उतरत विरलेली. मी तो आवाज ओळखायला नको होता. मामू अर्धी कुई काढून मधेच तोडायचे, चांदण्यात, सावलीत बसून, ती अशीच असायची.

मागच्या दारातून मामींचा आवाज आला, दबलेला. “निलू, अंदर आ. कुछ बोलना नहीं. पहिली हाक हाय.”

मामूंनी उजवा तळवा तोंडासमोर धरला. डावा कानामागं नेला. छाती भरली. ओठ उघडले, अगदी पूर्वीसारखे. आवाज आला नाही. गळ्याशी बांधलेला रुमाल तेवढा फडफडला. त्यांनी पुन्हा छाती भरली. पुन्हा रुमालच हलला. मग ते माझ्याकडं वळले. त्यांच्या चेहऱ्यावर पूर्ण उजेड होता, आणि त्यांचे ओठ हलत नव्हते. मी वाचावं असं तिथं काहीच नव्हतं.

फडाच्या कडेला पाचट वाजलं. कुणीतरी तिथं थांबलं होतं. त्याला आम्ही दिसत असणार.

“निलू!” मामींनी दुसऱ्यांदा हाक मारली. 

मी उठले. मामूंच्या शेजारी, बांधाच्या अगदी कडेवर, चांदण्यात उभी राहिले. तोंड फडाकडं केलं. शाळेच्या सगळ्या वर्षांत बाईंपर्यंत न पोचलेला आवाज मी पोटातून वर आणला.

“ओऽऽ!”